होडीवरचा लाल उजेड

माझ्या नवऱ्याला उजेड कमी कुठे करावा हे कधी कळलंच नाही. तिरोड्यापासून आमच्या बोदलकस्यापर्यंत लग्न असो, गणपती असो की कुणाच्या नातवाचं बारसं असो, रोषणाई भूपेंद्रचीच. एकदा त्याने एका मांडवात इतके दिवे लावले की फोटोवाल्याने हात जोडले. म्हणाला, भाऊ, अर्धे तरी बंद करा, नवरदेवाचं तोंड नुसतं पांढरं दिसून राहिलं. भूपेंद्र ही गोष्ट वर्षभर स्वतःचं कौतुक म्हणून सांगत फिरला. मी गोंदियाच्या बाजारात वाढलेली, झगमगाटाचं मला नवल नाही. पण त्याच्यापुढे मीही हात टेकले होते.

तलावाच्या पाळीखाली, बांधाच्या पायथ्याशी, रस्त्याला लागून माझं दुकान आहे. बांगड्या, टिकल्या, पिना, क्रीम, नेलपॉलिश. सुटीच्या दिवशी तलाव बघायला माणसं येतात, त्यांच्या पोरी काहीबाही घेतात. बाकी दिवस गावच्या बायका येतात, घेतात कमी आणि बोलतात जास्त. त्यांतल्याच एक धनवंताकाकू. तलावातले जुने मासेमार आहेत ना, त्यांच्यातलं हे घर. नवरा फागूकाका गुडघ्याने अडले, डोंग्यात, त्या लांबट लाकडी नावेत, चढता येईना, तेव्हापासून काकू एकट्या डोंगा घेऊन जातात, जाळं टाकतात, पहाटे काढतात. मासळी विकून परत जाताना माझ्या दुकानासमोर टोपली टेकवतात आणि म्हणतात, "खुशबू, तुह्या दुकानात पंखा आहे, मी जरा बसतो." त्या आल्या की मी पंखा त्यांच्याकडे वळवायची. एवढी आमची ओळख.

गेल्या वर्षी भुवनेश्वर पटल्यांनी होडी आणली. पटले म्हणजे आमच्या भागातले मोठे पोवार, धानाची शेती, राईस मिल. त्यांच्या डोक्यात आलं की या तलावावर शिडाची होडी चालवायची, पाहुण्यांना सूर्यास्त दाखवायचा. गोव्याकडून जुनी होडी ट्रकवर घालून आणली. त्यांचा भाचा ओमेश तिकडे काही वर्षं होड्यांवर कामाला होता, तो चालवणार. होडी उतरवली त्या दिवशी अख्खं गाव पाळीवर उभं होतं. शीड वर चढलं तेव्हा एक म्हातारी म्हणाली, एवढ्या कपड्यात घरच्या साऱ्या पोरींचे परकर झाले असते.

होडी दिसायला छान, पण आतून आजारी. सुकाणू धरून बसतात तिथे समोर एक काळी पाटी होती. तिच्यावर होकायंत्र, पाणी किती खोल आहे ते सांगणारं मीटर, वाऱ्याचं मीटर, बॅटरीचं मीटर आणि खाली बटणांची रांग. प्रत्येक मीटरच्या मागे इवलासा बल्ब. त्यातले बहुतेक मेलेले. सांज झाली की ओमेश मोबाईलचा टॉर्च दातात धरून मीटर बघायचा. पाहुण्यांसमोर हे बरं दिसत नाही म्हणून भुवनेश्वरभाऊंनी भूपेंद्रला बोलावलं.

आमच्या घरी काय आनंद! माझा नवरा म्हणजे जणू जहाजाचा इंजिनिअर झाला. ती पाटी खोलून त्याने आमच्या पडवीत आणली, उलटी ठेवली आणि सगळ्यांना दाखवत बसला. तारा हिरव्या पडल्या होत्या, बल्बांची घरं गंजून गेली होती. त्याने सगळ्या तारा नव्या टाकल्या, जोड नीट डाग देऊन घेतले, पाणी जाऊ नये म्हणून वरून रबराचा थर दिला. काम त्याचं चोख असतं, हे मी बायको म्हणून नाही सांगत. घोटाळा पुढे झाला. जुन्या बल्बांवर लाल टोप्या होत्या, बोराएवढ्या. त्या काढून त्याने हातावर घेतल्या आणि हसला.

"पाह्यजो, एवढी महागाची मीटरं, अन् लाल अंधारात बसवली. कायले?"

मी म्हटलं, "असेल काही कारण. विचारा ना ओमेशला."

ओमेशला विचारलं. ओमेश म्हणाला, "गोव्यात आम्ही दिवसाच चालवायचो जी, मले काय माहीत."

झालं. टोप्या सकाळच्या शेकोटीत गेल्या, प्लास्टिकचा वास घरभर सुटला. भूपेंद्रने पाटीच्या मागे पांढऱ्याशुभ्र एलईडीच्या पट्ट्या लावल्या, वरच्या कडेलाही एक लावली. मग बटण दाबलं. पडवीत दिवस उगवला. "आता पेपर वाचा म्हणा," तो म्हणाला. आणि खरंच, त्या उजेडात मी तांदूळ निवडले.

आता जाळ्यांचं सांगते. होडी आणि डोंगे एकाच पाण्यात म्हटल्यावर भांडणं होणार, म्हणून मासेमारांच्या संस्थेने आणि भुवनेश्वरभाऊंनी मिळून एक नियम केला होता. होडीच्या वाटेजवळ जाळं टाकायचं तर त्याच्या टोकाला दिवा हवा. दिवा म्हणजे काय, रिकाम्या प्लास्टिकच्या बाटलीत सेलवरचा छोटा लाइट, झाकण घट्ट लावून पाण्यावर तरंगत ठेवलेला. ज्याच्या जाळ्याला दिवा नसेल, त्याने आपलं वल्हं संस्थेच्या खोलीत जमा करायचं आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत पाण्यात उतरायचं नाही. ज्याचं पोट तलावावर आहे त्याचं वल्हं जमा करणं म्हणजे काय, ते कुणाला समजावून सांगायला नको.

नव्या दिव्यांची होडी पहिल्यांदा निघाली ती पौषातल्या एका सांजेला. भुवनेश्वरभाऊंचे व्याही बालाघाटहून आले होते, मुलीचं नुकतंच जमलेलं. व्याही, विहीण, भुवनेश्वरभाऊ, सुकाणूवर ओमेश, आणि मान म्हणून आम्ही दोघं. सूर्य डोंगरामागे गेला, वारा पडला, शीड उतरवलं आणि ओमेशने इंजिन सुरू केलं. अंधारून आलं तसं भूपेंद्रने बटण दाबलं. विहीणबाई "अरे वा!" म्हणाल्या. व्याही म्हणाले, "ये तो हवाई जहाज जैसा हो गया." भुवनेश्वरभाऊंनी भूपेंद्रच्या पाठीवर थाप मारली. माझीही मान ताठ झाली होती, कबूल करते. सगळ्यांचे चेहरे उजळले होते, आणि होडीच्या बाहेर काय आहे ते कुणालाच दिसत नव्हतं. पण बाहेर बघायला कोण बसलं होतं!

एकाने पाहिलं. भूपेंद्र ओमेशच्या शेजारी बसला होता. मी बघितलं, त्याने तळहात पाटीसमोर आडवा धरला आणि मान पुढे काढून पाण्याकडे बघू लागला. मग हात काढला. पुन्हा धरला.

"काय पाहून राहिले?" मी विचारलं.

"काही नाही," तो म्हणाला. तेवढ्यात व्याह्यांनी त्याला दिव्यांबद्दल काहीतरी विचारलं आणि तो खुलून सांगायला लागला.

त्यानंतर फार वेळ गेला नसेल. खालून घरघर आली, होडी तिरपी होऊन थांबली, इंजिन गुदमरून बंद पडलं. विहीणबाई बाकावरून घसरल्या, कोपर सोललं, हातातल्या बांगड्या फुटल्या. आमची होडी कुणाच्या तरी जाळ्यात घुसली होती आणि इंजिनाच्या पंख्याने ते गुंडाळून फाडून टाकलं होतं. अंधारातून डोंगा वल्हवत धनवंताकाकू आल्या. त्यांचंच जाळं होतं.

भुवनेश्वरभाऊ व्याह्यांसमोर लाजेने लाल झाले होते, आणि लाजलेला मोठा माणूस आधी ओरडतो. "दिवा काऊन नाही लावला वो? माणसं मारता का?"

"लावला होता जी," काकू म्हणाल्या. "टोकाले होता. मी माझ्या हातानं सोडला."

"मग कुठी आहे?"

बाटली कुठेच नव्हती. जाळ्याबरोबर ओढली गेली असेल, फुटून बुडाली असेल. ओमेशने शपथ घेतल्यासारखं सांगितलं, "मामा, मी समोरच पाहून राहिलो होतो. एकही दिवा नव्हता." पोरगा खोटं बोलत नव्हता. त्याला दिसलाच नव्हता.

भूपेंद्र पाटीकडे बघत होता.

घरी आल्यावर तो जेवला नाही. मला वाटलं, पहिल्याच दिवशी विघ्न आलं म्हणून मन खट्टू झालं असेल. दुसऱ्या दिवशीही तसाच. भाऊंच्या मिलमधून एक माणूस खास सांगायला आला की व्याही अजूनही दिव्यांची तारीफ करतात; त्यावर माझा नवरा उठून मागच्या अंगणात गेला. त्याच दुपारी तो दुकानात आला आणि कपाटातून गडद लाल नेलपॉलिशची बाटली उचलली.

"कोणासाठी?" मी डोळे मिचकावून विचारलं.

"डेकोरेशनच्या लायटीले," तो म्हणाला आणि गेला. मी हसले. गिऱ्हाईक समोर होतं, मी त्या बाटलीचा पुन्हा विचारही केला नाही.

गावात मात्र एकच विषय होता. माझ्या दुकानासमोर उभं राहून बायका न्याय करत होत्या. कुणी म्हणे, सेल वाचवायला लावलाच नसेल. कुणी म्हणे, नवऱ्याचं आजारपण, एकटी बाई, विसरली असेल बिचारी. फागूकाका काठी टेकत संस्थेच्या खोलीपर्यंत आले आणि म्हणाले, "मी ओट्यावरून रोज तिचा दिवा पाहतो. त्या सांजेलेही पाहिला." तर लोक हसले. नवराच तो, दुसरं काय सांगेल! आणि एकाने तोंडावर म्हटलं, "काका, तुमच्याच्यानं आता ओट्यावरची कोंबडी ओळखू येत नाही, पाण्यातला दिवा कुठचा दिसते?" काका काठी टेकत परत गेले. काकू त्या दिवसांत माझ्याकडे पंख्याला आल्या नाहीत. थंडीच होती म्हणा. पण त्या थंडीतही येतात.

मग बैठक ठरली. पाळीवर, होडीच्या धक्क्याजवळ, सांजेची. संस्थेचे अध्यक्ष दुलीचंदभाऊ, सरळ माणूस, कुणा एकाच्या सांगण्यावरून निकाल देणारा नाही. त्यांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "वाद कायले? पाहूनच घेऊ. तसाच दिवा तिथंच सोडू. होडीतले लाइट लावू. सुकाणूवर बसून दिवा दिसला, तर त्या दिवशीही दिसाले पाहिजे होता, म्हणजे नव्हता. नाही दिसला, तर बाईचं खरं."

सगळ्यांना पटलं. काकूंनाही पटलं. त्यांनीच पुढे होऊन म्हटलं, "पाहा जी. पाहूनच घ्या." मी भूपेंद्रकडे बघितलं. तो सगळ्यांच्या मागे, चिंचेच्या बुंध्याला टेकून उभा होता.

एक डोंगा जाऊन त्याच जागी बाटली सोडून आला. अंधार पडला. ओमेशने होडीत जाऊन बटण दाबलं. पहिल्यांदा तो बसला, मग दुलीचंदभाऊ, मग संस्थेचे आणखी दोघं. एकेक जण उतरत होता आणि म्हणत होता, दिसते, साफ दिसते. ओमेश मधेच म्हणाला, "भूपेंद्रभाऊनं रंग बदलला वाटते लायटीचा," पण त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. मीटरं दिसत होती, दिवा दिसत होता, रंगाचं कोणाला काय!

"त्या दिवशी होडीत कोण कोण होतं?" दुलीचंदभाऊंनी विचारलं. "खुशबूबाई, तुम्ही होत्या ना? तुम्हीही पाहा."

मी होडीत उतरले. सुकाणूपाशी बसले. समोरची पाटी मंद, लालसर, निजलेली. कुठे गेला तो पडवीतला दिवस? मी वाकून बघितलं. दिव्यांच्या पट्टीवर ब्रशचे ओघळ होते, एका कोपऱ्यात रंग साचून सुकला होता. तो रंग मी ओळखला. गोंदियाहून ती शेड मीच निवडून आणली होती. आणि मग तो आडवा धरलेला तळहात मला आठवला, आणि त्या हातामागून तो काय बघत होता तेही कळलं. त्याला दिवा दिसला होता. हात धरला की दिसत होता, काढला की जात होता. त्याला त्याच क्षणी सगळं समजलं होतं, आणि पाठीवरची थाप अजून गरम होती म्हणून तो गप्प राहिला. दुसऱ्या दिवशी त्याने पुन्हा असं होऊ नये म्हणून चोरून येऊन लाल रंग दिला. चांगलंच केलं. आणि त्या चांगल्या कामानेच आता काकू खोट्या ठरत होत्या.

मी वर बघितलं. चाळीसेक माणसं, त्यांच्या मागे चिंचेखाली तो. त्याने माझ्याकडे बघितलं आणि नजर पाण्याकडे वळवली.

"दिसला का दिवा?" दुलीचंदभाऊंनी विचारलं.

"दिसला," मी म्हणाले.

खोटं काय होतं त्यात? दिसत होता म्हणून दिसला म्हटलं. पण तो शब्द तोंडातून बाहेर पडला आणि मला स्वतःचीच किळस आली. नवऱ्याची अब्रू माझ्या जिभेवर येऊन बसली होती आणि मी ती गिळून टाकली होती. धक्क्यावर पाय ठेवला तेव्हा काकू दोन हातांवर उभ्या होत्या. त्या माझ्याकडे आशेने बघत होत्या, मी अजून काहीतरी म्हणेन म्हणून. मी त्यांच्या शेजारून निघून गेले.

"बाई, मग आता वल्हं आणून द्या," दुलीचंदभाऊ हळू आवाजात म्हणाले. त्यांनाही बरं वाटत नव्हतं.  वाद नाही, रडणं नाही. मान खाली घालून काकू आपल्या डोंग्याकडे वल्हं आणायला निघाल्या.

मी धावले. पाळ उतरून दुकानात. किल्ली लागेना, कुलूप निघेना. नेलपॉलिश काढायची बाटली आणि कापसाचा पुडा घेतला आणि परत वर आले. लोकांच्या मधून सरळ चिंचेकडे गेले. भूपेंद्रचा हात धरला आणि बाटली त्याच्या मुठीत कोंबली.

"पुसा," मी म्हटलं.

"खुशबू, लोक आहेत—"

"लोकांसमोरच पुसा. तुम्ही नाही पुसलं तर मी पुसते. मग मात्र मी सगळं बोलते."

तो माझ्याकडे बघत राहिला. लग्नाला इतकी वर्षं झाली, मी त्याला चिडून खूप बोलले असेन, पण असं कधी बोलले नव्हते. मग तो चालू लागला. लोक बाजूला झाले. होडीत उतरला, गुडघ्यांवर बसला, पाटी उघडली आणि एकेक पट्टी घासायला लागला. वाऱ्यावर तो उग्र वास पाळीवरच्या सगळ्यांपर्यंत आला. कापसाचे लाल बोळे एकेक करून त्याच्या पायाशी पडत होते, आणि प्रत्येक बोळ्यासरशी होडीतला उजेड वाढत होता. शेवटी तो पुरता पांढरा झाला. त्या उजेडात माझ्या नवऱ्याचं तोंड मी बघितलं. ते कुणीही बघू नये असं होतं.

"आता बसा," तो म्हणाला.

ओमेश बसला. त्याने समोर बघितलं, डोळे चोळले, पुन्हा बघितलं. "कुठी गेला दिवा?" तो म्हणाला. दुलीचंदभाऊ बसले. मग भुवनेश्वरभाऊ स्वतः उतरून बसले आणि बराच वेळ बसून राहिले. भूपेंद्रने बटण बंद केलं, म्हणाला, "डोळे जरा निवू द्या," आणि थोड्या वेळाने तो लांबचा ठिपका पाण्यावर आपल्या जागी होताच.

"तुले कधी समजलं?" भुवनेश्वरभाऊंनी विचारलं.

"त्याच सांजेले. जाळ्यात जायच्या आधी."

"मग काऊन नाही बोलला बे?"

"तुम्ही सगळे वाहवा करून राहिले होते," भूपेंद्र म्हणाला. दुसरं काही त्याच्याजवळ नव्हतंच. कुणीतरी मागून शिवी दिली. कुणीतरी म्हणालं, यानं बाईचं पोट मारलं असतं.  भुवनेश्वरभाऊही ओरडले होते, सगळ्यांच्या आधी. जाळं मी भरून देतो, एवढंच ते पुटपुटले आणि खाली उतरून गेले.

काकू वल्हं घेऊन परत आल्या तेव्हा हे सगळं होऊन गेलं होतं. दुलीचंदभाऊंनी हात जोडून त्यांना सांगितलं, "बाई, दिवा होता. आमचं चुकलं." काकूंनी वल्हं दोन्ही हातांत आडवं धरलं होतं, द्यायला काढलेलं. ते तसंच राहिलं.

"होता?" त्या म्हणाल्या. "खरंच होता?"

त्यांच्या विचारण्यात रागाचा मागमूस नव्हता. त्यांना खरोखरच माहीत करून घ्यायचं होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तू तर दिसला म्हणाली ना वो?"

"काकू, मी—"

"मले तर वाटू लागलं का मीच विसरली. सगळे म्हणून राहिले होते. काल मी घरी कबूल करून टाकलं. तुह्या काकाले म्हटलं, नाही लावला मी दिवा, माह्याच्यानं भूल झाली."

मला रडू आलं. माझ्या रडण्याची तिथे कुणालाच गरज नव्हती, काकूंना तर नव्हतीच. त्यांनी वल्हं खांद्यावर टाकलं आणि म्हणाल्या, "चाल माझ्या घरी. तूच सांग त्यायले. माझ्या तोंडानं आता कोणतं खरं मानतील ते?"

मी त्यांच्या मागे निघाले. त्यांचं घर टेकाडावर आहे, ओट्यावरून अख्खं पाणी दिसतं. फागूकाका दाराच्या बल्बखाली गुडघ्याला फडकं गुंडाळून बसले होते. शेजारी एक पिशवी भरून ठेवलेली, वर पाण्याची बाटली, घडी केलेलं पांघरूण. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. माझ्या नवऱ्याने काय केलं, मी बैठकीत काय म्हणाले, सगळं. 

"म्हणजे दिवा होता," शेवटी ते म्हणाले.

"होता, काका."

ते काकूंकडे वळले. "मी पाहिला होता ना? मी तुले म्हटलंच होतं, मी पाहिला. मग काल तू म्हणाली का लावलाच नाही." त्यांनी पिशवीवर हात ठेवला. "मले वाटलं, गेले माझे डोळे. नसलेलं दिसू लागलं. उद्या गोंदियाले दवाखान्यात जायचं ठरवलं मी. रातभर झोपलो नाही."

काकू तिथेच उंबऱ्यावर बसल्या. वल्हं खांद्यावरून उतरवायचंही त्यांना सुचलं नाही.

"मग माझे डोळे चांगले आहेत?" काकांनी मला विचारलं. लहान पोराने विचारावं तसं. 

"चांगले आहेत, काका," अंगणाच्या टोकाकडून आवाज आला. भूपेंद्र आमच्या मागे मागे आला होता, मला माहीतही नव्हतं. कुडाजवळ, बल्बचा उजेड पोचत नव्हता तिथे तो उभा होता. "तुमचे डोळे चांगले आहेत. तुम्ही पाहिलं ते बरोबर पाहिलं."

काकांनी कपाळावर हात धरून तिकडे बघितलं. "कोण बोलून राहिलं?"

कुणीच नाव सांगितलं नाही. मीही नाही.

"कोण आहे बाप्पा? असा अंधारात काऊन उभा आहे?" काका म्हणाले. "इकडे ये. उजेडात ये ना."

मी वाट बघितली, काकूंनीही बघितली. पण तो आला नाही.